बाबांच्या अल्बममध्ये बर्फावरच्या हॉकीचं कार्ड सापडलंय, ४५ नंबर, केन ड्रायडन. कोणाला माहिती आहे का?

हर्णैचा_मुलगा

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, चुकीच्या विभागात टाकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

गेल्या आठवड्यात पावसाने दोन दिवस उघडीप दिली तेव्हा माळ्यावरचं सामान खाली काढलं. तिकडची दोनचार कौलं फुटलीयत आणि आईचा रोजचा धोशा चालला होता की बाबांची ट्रंक भिजायच्या आत खाली आण. माझे बाबा बोटीवर होते, खलाशी म्हणून लागले आणि टंडेल होऊन रिटायर झाले, २०१९ ला गेले. पत्र्याची ट्रंक, त्यात त्यांची सीडीसी (बोटीवरच्या नोकरीचं नोंदपुस्तक), दोन लोकरी स्वेटर, एका बिस्किटाच्या डब्यात कुठकुठली नाणी, आणि काळ्या जाड पानांचा एक अल्बम. अल्बममध्ये बंदरांची पोस्टकार्डं, काड्यापेट्यांची लेबलं, तिकिटं असं सगळं आहे. आणि एका पानावर फक्त एकच कार्ड, बाकी पान रिकामं.

पत्त्याच्या पानाएवढं आहे, पुठ्ठा जाड. लंबगोल चौकटीत एका खेळाडूचा फोटो, नाव केन ड्रायडन, टीम मॉन्ट्रियल कॅनेडियन्स. खाली बाबांच्या अक्षरात पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलंय “मॉन्ट्रियल, गोलकीपर”. बास, एवढंच, तारीख नाही काही नाही. कार्डाची डावी बाजू डिंकाने पानाला घट्ट चिकटलीय, उजवी सुटी आहे, ती नखाने हळूच उचलून बघितली तर मागे ४५ हा आकडा दिसतो, थोडं इंग्रजी आणि त्याच्या बाजूला दुसऱ्या भाषेतलं काहीतरी, फ्रेंच असावं. एका कोपऱ्यावर तांबूस डाग पडलेत.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. हा माणूस कोण? कार्ड खरं जुनं आहे की नंतर छापलेलं? आणि ते पानावरून काढायचं कसं? बाजारात एका दुकानात दाखवलं तर तो म्हणाला वाफ देऊन काढू आणि लॅमिनेशन मारून देतो, कायमचं टिकेल, मी उद्या येतो म्हणून निघालो. चुलतभाऊ म्हणतो लाखात जाईल. मला विकायचं नाहीये, पण बाबांनी अख्खं पान एका अनोळखी गोलकीपरला का दिलं हे समजलं तर बरं वाटेल. बाबांना आम्ही हॉकीबद्दल कधी एक शब्द बोलताना ऐकलं नाही.

---

चिपळूणकर_थंडीतला

दादा पहिलं काम, उद्या त्या दुकानात जाऊ नका. वाफ नको, लॅमिनेशन तर अजिबातच नको, कागदपत्रांतलं समजणारं कोणी येईलच इथे तेवढी वाट बघा.

मी मूळचा चिपळूणचा, गेली सतरा वर्षं टोरांटोच्या बाजूला आहे, इथे आल्यावर मुलामुळे मला बर्फावरच्या हॉकीचं वेड लागलं. तुमची पोस्ट वाचून सकाळची कॉफी गार झाली माझी. तुमच्याकडे जे आहे ते केन ड्रायडनचं रूकी कार्ड आहे, म्हणजे त्याचं पहिलंवहिलं, १९७१-७२ च्या सीझनचं. त्या वर्षी दोन कंपन्यांनी जवळजवळ सारखीच कार्डं काढली होती, अमेरिकेत टॉप्स आणि कॅनडात ओ-पी-ची, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे ड्रायडनचा नंबर ४५ च. मागे फ्रेंच दिसतंय म्हणताय म्हणजे तुमचं ओ-पी-चीचं, कॅनडातलं. ही कार्डं च्युइंगमबरोबर पाकिटात यायची, पोरं गम खाऊन कार्डं जमवायची, आपल्याकडे क्रिकेटवाल्यांची यायची तशीच.

आता माणूस कोण ते सांगतो, जरा लांबेल.

जन्म १९४७, हॅमिल्टन गावात, वाढला टोरांटोजवळ. मोठा भाऊ डेव्ह सहा वर्षांनी मोठा आणि तोही गोलकीपर. वडिलांनी घरामागचं अंगण पक्कं करून घेतलं होतं, तिथे दोन्ही बाजूंना जाळ्या लावून भाऊ आणि गल्लीतली पोरं टेनिसच्या बॉलने खेळायची, लहानगा केन तिथेच गोलात उभा राहायला शिकला. १९६४ मध्ये बॉस्टन ब्रुइन्सनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, १४ व्या नंबरवर घेतला आणि काही दिवसांतच मॉन्ट्रियलला देऊन टाकला. त्याचा स्वतःचा समज असा की आपल्याला मॉन्ट्रियलनेच निवडलं, बॉस्टनचं नाव त्याला कळलं तेव्हा सत्तरचं दशक अर्धं उलटून गेलं होतं!

त्या काळी असं असायचं की पोरं शाळा सोडून सरळ ज्युनिअर हॉकीत जायची. हा गेला कॉर्नेल युनिव्हर्सिटीत, इतिहास विषय घेऊन. तिथे तीन सीझनमध्ये ७६ सामने जिंकले, ४ हरले, १ बरोबरीत. पुन्हा वाचा, चारच हरले. १९६७ ला कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा पण जिंकली. १९६९ ला डिग्री झाल्यावर तो कॅनडाच्या राष्ट्रीय संघात गेला, पण १९७० च्या सुरुवातीला प्रोफेशनल खेळाडूंना खेळू देण्यावरून भांडण झालं आणि कॅनडाने आंतरराष्ट्रीय स्पर्धांतूनच अंग काढून घेतलं, म्हणजे त्या संघाला खेळायला काही उरलंच नाही. म्हणून स्वारी मॉन्ट्रियलला आली, मॅकगिल युनिव्हर्सिटीत वकिलीचा अभ्यास आणि जोडीला मॉन्ट्रियलच्या दुय्यम टीममध्ये, व्हॉयेजर्समध्ये, गोलकीपिंग. सकाळी लेक्चर, संध्याकाळी बर्फ.

मार्च १९७१ मध्ये मुख्य टीममध्ये बोलावलं, म्हणजे एनएचएलमध्ये, इथल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये. १४ मार्चला पहिला सामना. सीझन संपेपर्यंत सहा सामने मिळाले, सहाच्या सहा जिंकले, सगळे मिळून नऊ गोल खाल्ले. आणि एवढ्याशा अनुभवावर कोचने प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याला गोलात उभा केला, समोर बॉस्टन. त्या वर्षीचं बॉस्टन म्हणजे काय होतं ते सांगतो, ७८ सामन्यांत ५७ जिंकलेले, ३९९ गोल मारलेले, त्यातले एकट्या फिल एस्पोझिटोचे ७६. कोणी मॉन्ट्रियलवर पैसे लावले नसते. पहिला सामना हरले. दुसऱ्यात ५-१ ने मागे पडले आणि तिथून ७-५ ने जिंकले, मग सातव्या सामन्यात बॉस्टनला त्यांच्याच घरी हरवलं. ड्रायडन ६ फूट ४ इंच, हातपाय लांबच लांब, एस्पोझिटोचा एक हमखास गोल त्याने अडवला तेव्हा तो त्याला जिराफ म्हणाला होता, ते नाव अजून इथली म्हातारी माणसं काढतात.

पुढे मिनेसोटाला हरवलं, फायनलला शिकागोला पण सात सामन्यांत हरवलं, सातव्यात ०-२ ने मागे होते आणि ३-२ ने जिंकले. प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी ड्रायडनला मिळाली. आता बघा, सीझनमध्ये सहाच सामने झाले होते म्हणून पुढच्या वर्षी पण तो नियमाने नवखाच धरला गेला आणि १९७२ ला सर्वोत्तम नवख्याची कॅल्डर ट्रॉफी पण त्यालाच! आधी कॉन स्माइथ आणि मग कॅल्डर, असा उलटा क्रम दुसऱ्या कोणाचा नाही.

तुमचं कार्ड नेमकं या दोन ट्रॉफींच्या मधलं आहे. स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकून झालेला, नवखेपण संपलेलं नाही. पुढे एकूण सहा स्टॅनली कप, १९७९ ला बत्तिशीच्या आतच निवृत्त, नंतर लेखक झाला, खासदार झाला, केंद्रात मंत्री झाला. ५ सप्टेंबर २०२५ ला गेला. त्या दिवशी आमच्या इथल्या रिंकवर खेळ थांबवून सगळे उभे राहिले होते, मी पण होतो.

---

जुनेकागद

मी राजापूरचा, घरच्या पोथ्या आणि दस्त सांभाळता सांभाळता या नादाला लागलो. वरच्यांनी दुकानाचं सांगितलंच आहे, त्याचं कारण सांगतो म्हणजे मनात शंका राहायला नको.

माझ्या आजोबांचं एक सनदेसारखं कागदपत्र होतं, मी कॉलेजात असताना एका दुकानात हौसेने लॅमिनेट करून आणलं. पाच पावसाळ्यांत आत बुरशीची काळी टिंबं उठली, कारण कागदात आधीच ओल होती आणि ती मी आत कोंडून टाकली. आता ते प्लॅस्टिक निघत नाही, काढायला गेलो तर अक्षरं त्याच्याबरोबर येतात. आजोबांची सही त्यातच अडकलीय. तेव्हा तुम्हाला हात जोडून सांगतो, लॅमिनेशन नाही. वाफ दिली तर पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटतात, वरची छपाई फुगते आणि डिंक आणखी आत मुरतो.

काढूच नका ते. काळ्या पानाचा कार्डाभोवतीचा भाग दोन बोटं जागा सोडून धारदार ब्लेडने कापा, पट्टी धरून, कार्ड आणि खालचं वडिलांचं अक्षर दोन्ही एकत्र राहतील असं. मी तर म्हणेन कार्डापेक्षा ती पांढऱ्या पेन्सिलीची ओळ जपा, ती घासली तर पुसली जाईल, तिच्यावर हात फिरवू नका आणि मऊ कपडा पण नको. कापायच्या आधी अख्ख्या पानाचे उजेडात फोटो काढून ठेवा, शेजारच्या पानांचे पण.

मग पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट घ्या. पीव्हीसीचं नको, ज्याला नव्या प्लॅस्टिकचा उग्र वास येतो ते, कालांतराने ते चिकट होतं. पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, त्यातल्या निळ्या मिळतात त्या आणा, ओल प्यायल्या की गुलाबी होतात, आतले दाणे काढून तापवले की परत निळे. पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी बघतो. आमच्याकडे पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवतात, त्याने कसर येत नाही, पण कार्डाला चिकटून नको, वेगळ्या कापडात बांधून. डांबराच्या गोळ्या टाळा. ओल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात डबा ठेवू नका, माळ्यावर तर नाहीच. तांबूस डाग तसेच राहू द्या, पुसायला गेलात तर पसरतील.

खरं-खोटं कसं बघायचं: दहा पटीचं भिंग आणा, घड्याळजीकडे असतं तसलं. जुन्या छपाईत फोटोत रंगांचे ठिपके दिसतात पण अक्षरं आणि रेषा भरीव असतात. नंतर स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा पण ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात.

---

चिपळूणकर_थंडीतला

जुनेकागद, भिंगाचं एकदम बरोबर. त्यात भर म्हणजे ओ-पी-चीची त्या काळातली कार्डं तारेने कापायचे, त्यामुळे बऱ्याच कार्डांच्या कडा खरखरीत, जरा उसवल्यासारख्या असतात. दादा, तुमच्या कार्डाची कड तशी असेल तर खराब झालंय असं समजू नका, ती तशीच निघायची.

किमतीबद्दल पण खरं काय ते सांगतो. डिंक लागलेलं आणि डाग पडलेलं कार्ड ग्रेडिंगला, म्हणजे त्याची अवस्था तपासून दर्जा ठरवतात तिथे, पाठवलं तर अगदी तळाचा ग्रेड येईल. इथे ज्यांच्या किमतींच्या बातम्या होतात ती कोरी करकरीत, चारही कोपरे टोकदार असलेली कार्डं असतात. तुमच्या भावाला समजावून सांगा, पाठवण्याचा खर्च पण अंगावर येईल आणि वाटेत काही झालं तर ते दुसरं मिळणार नाही.

---

देवबागचो

वाचून बरा वाटला. माजो काको पण बोटीर होतो, त्याच्या ट्रंकेक आमी कोणी हात लावूक नाय अजून. उद्याच उघडतंय.

बाकीच्यांना समजावं म्हणून सरळ मराठीत लिहितो. मॉन्ट्रियल बंदर समुद्रावर नाही, सेंट लॉरेन्स नदीतून आत जावं लागतं, अटलांटिकपासून हजार मैल तरी आत असेल. काका सांगायचा की नदीत शिरलं की दोन्ही बाजूला जमीन दिसते आणि आपल्या माणसाला खाडीत शिरल्यासारखं वाटतं, दाभोळच्या नाहीतर कर्लीच्या, फक्त संपतच नाही. आणि थंडी अशी की दोरखंड लाकडासारखे कडक. तुमच्या वडिलांचे दोन लोकरी स्वेटर त्याचेच असतील हो.

सीडीसी नीट बघा. प्रत्येक बंदराची नोंद नसते त्यात, पण कुठल्या बोटीवर कधी चढले आणि कधी उतरले ते असतं. १९७१ च्या शेवटापासून पुढची पानं बघा, कार्ड त्याच्या आधीचं असूच शकत नाही. बोटीवरच्या लोकांचे बंदराबंदरात दुसऱ्या बोटींच्या लोकांबरोबर फुटबॉलचे सामने व्हायचे, खलाशांसाठी मिशनवाल्यांची घरं असायची ते भरवायचे. आईला विचारा, वडील खेळायचे का.

---

मैदानातली

मी रत्नागिरीत शाळेत पी.टी. शिकवते, मुलींना हॉकी शिकवायचा प्रयत्न चालू आहे, मैदान लाल मातीचं आणि पावसाचे चार महिने तेही नाही. गोलात उभं राहायला कोणी तयार होत नाही हो. त्यामुळे गोलकीपरवर इतकं कोणीतरी लिहितंय हे बघून थांबले.

आपल्या हॉकीतला माझा लाडका गोलकीपर शंकर लक्ष्मण. जन्म महूचा, पण नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे आपल्या कोकणातल्या घराघरातली पोरं जिथे भरती झाली तिथला माणूस. १९५६ मेलबर्न सुवर्ण, १९६० रोम रौप्य, १९६४ टोकियो सुवर्ण, तिन्ही वेळा तो संघात. १९६६ ला बँकॉकच्या एशियाडमध्ये तो कॅप्टन होता आणि सुवर्ण आणलं. त्या काळी पायाला पॅड आणि बाकी जवळजवळ काही नाही, तोंडावर जाळी नाही. अशा माणसाचं एखादं कार्ड आपल्याकडे निघालं असतं तर मी वर्गात लावलं असतं.

चिपळूणकर, मला सांगा, बर्फावरच्या गोलकीपरचं काम किती वेगळं असतं? आणि दोन्ही भाऊ गोलकीपर म्हणालात, मग समोरासमोर आले का कधी?

---

चिपळूणकर_थंडीतला

ताई, शंकर लक्ष्मण मराठा लाइट इन्फन्ट्रीतला हे मला माहीत नव्हतं, माझे मामा तिथेच होते, आजच फोन करतो.

तुमचा आपल्या हॉकीचा गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच, इथला ६ फूट बाय ४ फूट. लहान वाटतो, पण बॉलच्या जागी कडक रबराची चकती, पक म्हणतात, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, आणि समोर माणसांची भिंत असते त्यामुळे ती सुटलेली दिसतच नाही पुष्कळदा. ड्रायडनची ओळख म्हणजे खेळ दुसऱ्या टोकाला गेला की तो काठी बर्फावर उभी टेकवायचा, दोन्ही हात तिच्या वरच्या टोकावर आणि त्यावर हनुवटी ठेवल्यासारखा वाकून उभा. आपल्याकडे गुराखी काठीवर रेलून उभा राहतो ना, तस्सा. मी तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला गावचा सडा आठवला.

आणि भावांचं विचारलंत ते बरं केलंत, माझा सगळ्यात आवडता किस्सा. २० मार्च १९७१, केनचा पहिला सामना होऊन आठवडाही झाला नव्हता. मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये, म्हणजे त्यांच्या घरच्या रिंकवर, बफेलोची टीम आली, त्यांच्याकडे डेव्ह. बफेलोच्या कोचने मुद्दाम डेव्हला गोलात उभा केला, वाटलं समोर केन येईल. मॉन्ट्रियलने नेहमीचा गोलकीपर व्हॅशॉन उतरवला, तर बफेलोवाल्याने चिडून डेव्हला परत बसवला. दुसऱ्या सत्रात व्हॅशॉनला लागलं आणि केनला उतरावं लागलं, की लगेच बफेलोने डेव्हला परत पाठवला! एनएचएलमध्ये दोन भाऊ गोलकीपर म्हणून समोरासमोर, पहिल्यांदाच. वडील वर प्रेक्षकांत बसलेले. मॉन्ट्रियल ५-२ ने जिंकलं, सामना संपल्यावर दोघं भाऊ बर्फाच्या मध्यावर येऊन हात मिळवून गेले. अंगणातल्या दोन जाळ्यांपासून तिथपर्यंत. कार्ड हातात घेतलं की मला त्या वडिलांचं काय झालं असेल तेच आधी आठवतं.

---

हर्णैचा_मुलगा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा आईला मोठ्याने वाचून दाखवला, देवबागचो यांचा खाडीचा भाग तिने दोनदा वाचायला लावला.

सीडीसी बघितली. १९७२ च्या जानेवारीत मुंबईहून एका मालवाहू बोटीवर चढलेत आणि डिसेंबरात उतरलेत, म्हणजे काळ जुळतो. भिंग घड्याळवाल्या काकांकडून आणलं, फोटोत ठिपके आहेत आणि नावाची अक्षरं भरीव आहेत. सुट्या बाजूची कड खरखरीत आहे, करवतीने कापल्यासारखी, मी तर वाळवीने खाल्लं समजत होतो.

आणि फुटबॉलचं आईला विचारलं. आधी म्हणाली नाही रे, कुठला फुटबॉल. मग भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, अरे त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती ना, ती बोटीवरच्या पोरांबरोबर खेळताना मोडली होती, कुठल्यातरी बंदरात, हे उंच म्हणून ह्यांनाच दांड्यांच्या मध्ये उभं करायचे. मी ती करंगळी आयुष्यभर बघितली. त्याच हाताने ते मला जाळं विणायला शिकवायचे. कधी विचारलं नाही कशी वाकडी झाली.

पान आज सकाळी कापलं, दोन बोटं सोडून, अक्षरासकट. हात थरथरत होता म्हणून आईने पट्टी धरली. पाकीट रत्नागिरीहून मागवलंय, तोवर कोऱ्या कागदात, डब्यात, निळ्या पुड्यांबरोबर आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवलंय, त्या भिंतीला ओल येत नाही. चुलतभावाला लिंक पाठवली, त्याने वाचलं आणि विचारलं की तो भावांच्या सामन्याचा व्हिडिओ कुठे मिळेल का. चिपळूणकर, असेल तर टाका ना, आईला पण बघायचाय.